दादांचं तीन, माझं दोन पूर्णांक चार

मला चूक दिसली की जीभ आवरत नाही. वीस वर्षं नववी-दहावीच्या मुलींना विज्ञान शिकवून हा रोग जडलाय. लग्नपत्रिकेतली चूकसुद्धा मी थेट यजमानांना दाखवते, आणि नवरा मागून पदर ओढत राहतो. याच जिभेनं गेल्या फाल्गुनात मी माझ्या वडिलांना माझ्याच विद्यार्थिनींसमोर खोटं पाडलं. निमित्त काय, तर एक फुटबॉल आणि तो हवेत किती वेळ होता हा प्रश्न.

वडिलांना मी दादा म्हणते. ते माजलगावच्या मोंढ्यात मापाडी होते, म्हणजे धान्याच्या बाजारात आलेला माल मोजून देणारे. शेतकरी एका बाजूला, आडत्या दुसऱ्या बाजूला आणि मधे दादा. त्यांनी आकडा सांगितला की दोघांपैकी कुणीही पुन्हा मोजायला सांगायचं नाही. ऐपत म्हणून आमच्याकडे काही नव्हतं, पण ही एक पत होती. शाळेत कुणी विचारलं तर मी मान वर करून सांगायचे, मापाड्याची मुलगी.

पुढे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कळेपर्यंत उशीर झाला होता, आणि काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही. आई होती तोवर निभावलं. ती गेल्यावर एकदा दादा भाकरी उलटायला गेले आणि हात सरळ तव्यावर टेकवला. शेजारणीचा फोन आला. मी एकुलती एक. भाऊबीज झाली आणि नवऱ्याला घेऊन जीप करून माजलगावला गेले. दादांना इकडे घाटनांदूरला आमच्या घरी आणायचंच, असं ठरवून.

दादा भांडले नाहीत. फक्त म्हणाले, "आधी ते पोतं टाका जीपीत."

पोतं ज्वारीचं होतं. त्यावर हात ठेवून त्यांनी अट घातली. "सात पायल्या हाय. मी ह्यातलंच खाणार. माझं पीठ येगळं दळून आणायचं. पोतं सरलं की मला माजलगावच्या गाडीत बसवून द्यायचं. लेकीच्या घरी ऱ्हाऊ न्हाई माणसानं."

आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पितानाही संकोचतात. नवरा म्हणाला, "मामा, ज्वारीचं काय घेऊन बसलात?" पण मी त्याला खुणेनं गप्प केलं. आधी माणूस जीपमध्ये तर बसू दे.

सात पायल्या म्हणजे अठ्ठावीस शेर. दर रविवारी सकाळी दादा पोत्याजवळ उकिडवे बसायचे आणि घरून आणलेल्या लोखंडी शेरानं दोन शेर ज्वारी डब्यात काढायचे. तेवढ्यात त्यांचा आठवडा निघायचा. हिशेब सोपा होता, चौदा रविवार. शिवरात्रीच्या आसपास पोतं संपणार आणि दादा जाणार. कुठे जाणार, तर त्या दोन खोल्यांत आणि त्याच तव्याजवळ. मला रात्ररात्र झोप लागायची नाही.

मग मी चोरी सुरू केली, तीही उलटी. रविवारी दादा न्हाणीत गेले की आमच्या कोठीतली दोन शेर ज्वारी त्यांच्या पोत्यात ओतायची आणि पोत्याचं तोंड होतं तसं वळवून ठेवायचं. आंधळ्या माणसाला फसवतेय हे कळत होतं, पण ओतताना मी एक दाणाही सांडू दिला नाही. शिवरात्र आली, गेली. पोतं गुडघ्याएवढं होतं ते गुडघ्याएवढंच राहिलं. दादा काही बोलले नाहीत, आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तोपर्यंत दादा दिवसभर खोलीत पडून असायचे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, हाक मारली तर ओ द्यायची, एवढंच. आमच्या परसाचं कुंपण शाळेच्या मैदानाला लागून आहे. थंडी सरली तशी मी त्यांची बाज मागच्या दारी, कडुलिंबाच्या सावलीत टाकली. तिथून मैदानावरचा गोलपोस्ट वीसेक पावलांवर.

शाळेला कधीतरी खेळाच्या साहित्यात एक फुटबॉल आला होता. आमच्या क्रिकेटवेड्या गावात मुलांना तो नको होता, म्हणून मुलींच्या वाट्याला आला. माझ्या नववीच्या दहा-बारा मुली संध्याकाळी खेळायच्या. त्यांची गोलकीपर मेंढरं राखणाऱ्या घरातली, उंच आणि काटकुळी. पण चेंडू हातातून सोडून लाथ मारायची ती अशी, की तो वर गेलेला बघत बाकीच्या जागेवर थांबायच्या.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन बाजेजवळ गेले, तर दादांचे ओठ हलत होते. मैदानावर लाथेचा आवाज झाला आणि दादा पुटपुटले, "लाऽऽभ, दोऽऽन..." तिकडे चेंडू जमिनीवर आदळला आणि दादा थांबले.

मोजणारी जुनी माणसं 'एक' म्हणत नाहीत. एक म्हणजे एकटं. म्हणून पहिल्या मापाला म्हणायचं लाभ, आणि मग दोन, तीन. हे माझ्या कानांना सवयीचं होतं. नवल याचं वाटलं, की आई गेल्यापासून दादांनी पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी मोजायला घेतलं होतं.

"काय मोजता दादा?"

"चेंडू. लाथ बसल्याली ऐकू येती, पडल्याला बी ऐकू येतो. मधी किती टायम वर ऱ्हातो ते बघतो. त्या घड्याळाची टिकटिक बसलीय डोक्यात."

ही गोष्ट मुलींना कळायला कितीसा वेळ? दोन दिवसांत त्या कुंपणाशी येऊन ओरडायला लागल्या, "आबा, किती?" एक मुलगी चेंडू खूप लांब मारायची, पार दुसऱ्या टोकाला. तिला वाटायचं तीच भारी. दादांनी निकाल दिला, "तुझं दोन. त्या उंच पोरीचं तीन." लांब मारणारी हिरमुसली. म्हणाली, "आबाला दिसत न्हाई, त्याला काय कळतंय माझा कुठं गेला ते!" दादा खदखदून हसले. "कुठं गेला ते न्हाई कळत माय. वर किती ऱ्हायला ते कळतं."

वर्गात मी हेच शिकवते. चेंडू लांब जाणं वेगळं आणि वर टिकणं वेगळं. जो जास्त उंच जातो तो जास्त वेळ हवेत राहतो, मग तो कुठेही पडो. हे सूत्र मुलींच्या डोक्यात घालायला मला आठवडा लागतो. दादांनी बाजेवर बसून एका वाक्यात घातलं. त्या दिवसांत त्यांनी पोत्याचं आणि गाडीचं नावही काढलं नाही. संध्याकाळी चार वाजले की विचारायचे, "पोरी आल्या का गं?"

इथेच थांबायला हवं होतं. पण मला सुचलं, की हाच प्रयोग करून दाखवावा. एका बुधवारी मुलींना गोल बसवलं, मोबाइलमधलं घड्याळ एका मुलीच्या हातात दिलं. गोलकीपरनं लाथ मारली. चेंडू कुंपणाजवळच्या आमच्या लिंबाच्या शेंड्याबरोबर गेला आणि खाली आला. मोबाइलनं दाखवलं दोन पूर्णांक चार सेकंद.

"आबा, किती?" सगळ्या ओरडल्या.

"तीन," दादा म्हणाले.

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मला चूक दिसली होती, मग काय! मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलायला लागले. "बघा, आबांची चूक कुठे झाली. लाथ बसल्याबरोबर ते पहिला आकडा म्हणतात. तिथे शून्य म्हणायला हवं. एक ठोका गेल्यावर एक. म्हणून त्यांचं उत्तर दरवेळी जास्त येतं." एवढ्यावर थांबेन तर मी कसली? काडीनं मातीत गणित मांडलं. "तीन सेकंद हवेत म्हणजे दीड सेकंद वर आणि दीड खाली. तेवढ्यात चेंडू अकरा मीटरच्या वर जायला हवा. आपला हा लिंब किती? जेमतेम सात मीटर. चेंडू लिंबाच्या वर गेला का? नाही. मग तीन हे उत्तर बरोबर की चूक?"

"चूऽऽक," मुली एका सुरात म्हणाल्या. मीच त्यांना तसं म्हणायला शिकवलंय.

दादा बाजेवरून उठले. काठी न घेता, भिंतीला हात लावत लावत आत गेले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, "पोतं किती ऱ्हायलंय बघ बरं. सरलं की बसवून दे मला गाडीत."

मोंढ्यात चाळीस वर्षं कुणी त्यांचं माप फिरवलं नव्हतं. ते मी फिरवलं, तेही डझनभर पोरींच्या कोरसमध्ये. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दोनचं तीन झालं असतं तर तुझं काय गेलं असतं?" मी म्हटलं, "विज्ञान आहे ते." तो म्हणाला, "आणि हा बाप आहे."

दुसऱ्या दिवसापासून दादा बाजेवर आले नाहीत. पुन्हा खोली, पुन्हा घड्याळ. मुली कुंपणाशी येऊन बघायच्या आणि जायच्या. शनिवारी गोलकीपर मला शाळेच्या दारात आडवी आली. "बाई, तुमी कावून बोललात आबाला? आता कितीबी वर मारला तरी मोजायला कुणी न्हाई." दादांनी दरम्यान माझ्या नवऱ्याला विचारून ठेवलं होतं, अंबाजोगाईला गाडी बदलून माजलगावला जायला सकाळची कुठली एसटी सोयीची. त्या रविवारी मी घाबरून पोत्यात दोनच्या जागी चार शेर ओतले.

मी माफी मागितली नाही असं नाही. दोनदा मागितली. पण माझी माफीसुद्धा शिक्षकी, "चूक कुणाचीही होऊ शकते, दादा" अशा चालीची. म्हणजे चूक तुमचीच. दादा "बरं" म्हणायचे आणि कूस बदलायचे.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. दादांनी पोतं उघडलं. शेर पोत्यात घातला आणि घालता घालताच त्यांचं सुरू झालं, "लाभ, लाभ, लाभ..." शेर भरला, तळव्यानं वरचं सपाट केलं, डब्यात ओतलं. रिकामा शेर पुन्हा पोत्यात. "दोन, दोन, दोन..." भरला, ओतला. एरवी दोनवर संपतं. पण रुसलेल्या माणसाला भूक जास्त लागते की काय कोण जाणे, आदल्या दिवशी त्यांचं पीठ संपलं होतं. दादांनी तिसऱ्यांदा शेर घातला. "तीन, तीन..." अर्धाच भरला, तोही ओतला. मग स्वतःशीच म्हणाले, "दोन भरले, तीन लागला."

माझ्या हातातली घडी मांडीवर पडली.

जन्मभर ऐकत आले होते मी हे, आणि म्हणूनच कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. दादा भरलेलं माप मोजत नव्हते, भरत असलेलं माप मोजत होते. रिकामा शेर आत गेला की त्याचा आकडा सुरू, तो भरेपर्यंत तोच आकडा. मोंढ्यात गडबडीत मोजताना कुणी मधेच बोललं तरी कितवं माप चाललंय ते विसरू नये, म्हणून ही रीत. आपणही वयाचं असंच बोलतो की! आठवं लागलं म्हणजे सात पूर्ण झाली. दादांच्या तोंडी तीन होतं तेव्हा दोन ठोके पूर्ण झाले होते आणि तिसरा चालू होता. माझ्या मोबाइलनं तरी दुसरं काय सांगितलं होतं?

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "दादा, त्या बुधवारी तुम्ही तीन म्हणालात, तो तीन भरला होता का?"

"कुठला भरतोय? लागला होता नुसता. निम्म्याच्या बी आत व्हता."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस व्हय? मोंढ्यात समदे इचारत्यात, भरला का? तू गणितच मांडलंस."

रागाचा सूर नव्हता त्यात. फार दिवसांनी कुणीतरी नीट विचारलं, तसं ते बोलले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. दादांनी आवाजावरून अंदाज घेत हात पुढे केला, तो माझ्या खांद्याऐवजी कानाला लागला, आणि त्यांनी तो तिथेच ठेवला. म्हणाले, "गप. शिकल्याल्या माणसानं रडू न्हाई लगेच."

सोमवारी संध्याकाळी मी मुलींना पुन्हा गोल बसवलं आणि दादांना बाजेवर आणलं. यावेळी जिभेला आधीच बजावून ठेवलं होतं. मुलींना म्हटलं, "मागच्या वेळी मी आबांना चूक म्हटलं. ते माझं चुकलं. मी मोजणाऱ्याची रीत न विचारता उत्तर तपासलं." मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई 'चुकलं' म्हणतात, हे त्यांना सूत्रापेक्षा अवघड वाटलं असावं. मग मी रीत समजावली आणि गोलकीपरला खूण केली.

तिनं जीव तोडून लाथ मारली. या वेळी सगळ्याच मुली दादांबरोबर मोजायला लागल्या, "लाऽऽभ, दोऽऽन, ती..." आणि चेंडू आदळला.

"आबा, किती?"

"तीन लागलाय. भरला न्हाई. निम्म्याच्या जरा आत."

मोबाइल धरलेल्या मुलीनं आकडा वाचला, "दोन पूर्णांक चार." एकच कल्ला झाला. मग गणित मुलींनीच मांडलं. दोन पूर्णांक चार, त्याचं निम्मं एक पूर्णांक दोन. एक पूर्णांक दोनचा वर्ग करून पाचनं गुणलं. सात मीटर आणि वर थोडं. म्हणजे लिंबाच्या शेंड्याएवढं. सगळ्यांनी वर बघितलं. दादांनीही मान वर केली.

अंधारून आलं तशा मुली घरी गेल्या. मी दादांच्या शेजारी बाजेवर टेकले. आत कुकरची शिट्टी झाली, पण उठावंसं वाटेना. सकाळच्या एसटीचं दादांनी दिवसभरात नाव काढलं नव्हतं, तरी माझ्या मनात तेच होतं. ते विचारायचं धाडस होईना, म्हणून भलतंच बोलले. म्हटलं, "दादा, तुमचं मोजणं कधीच चुकत नाही. खरंच."

"मग पोत्याचं बी मोजलंच असंल की मी," दादा म्हणाले.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"अठ्ठावीस शेराचं पोतं. कालपातुर साडेचाळीस शेर काढलेत मी त्यातनं. आन सक्रांतीपासनं दाणा बी बारीक लागतोय हाताला. मागल्या ऐतवारी तर लईच भर टाकलीस."

एवढे महिने मी चवड्यांवर चालत त्यांच्या खोलीत जात होते, श्वास रोखून ओतत होते, आणि हा माणूस सगळं मोजत होता. गाडीचं विचारत होता तेव्हाही मोजत होता.

"मग बोलला नाहीत कधी?"

दादांनी बाजेवर चाचपडून माझा हात शोधला.

"बोललो असतो तर जावं लागलं असतं, माय."